कातडी मागे जात नाही: मोठ्या वयातला फायमोसिस आणि त्यावरचे उपाय

शिश्नाच्या टोकावरची सैल कातडी मागे सरकत नसेल, किंवा सरकवताना दुखत असेल, चिरत असेल, तर त्या अवस्थेला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. त्यावर चांगले उपाय आहेत आणि अनेकांना ऑपरेशन लागतही नाही. तरीही माणसं याबद्दल वर्षानुवर्षं गप्प राहतात. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारा मुलगा रूममेटला विचारू शकत नाही. हिंजवडीतला इंजिनिअर लग्न ठरेपर्यंत विषय टाळतो. साठी ओलांडलेले काका दर महिन्याला शुगरचा रिपोर्ट घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जातात, पण हे मात्र सांगत नाहीत. मग माहिती मिळते ती भिंतीवर चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या पत्रकातून, नाहीतर मोबाइलवरच्या लेझर ऑपरेशनच्या जाहिरातीतून. दोघांनाही काहीतरी विकायचं असतं. म्हणून इथे शब्द न चोरता सगळं लिहितो आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी नक्की करा. कातडी पहिल्यापासूनच मागे जात नव्हती, की आधी व्यवस्थित जायची आणि गेल्या काही महिन्यांत घट्ट झाली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण वाटा वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात उपाय करायला निवांत वेळ असतो. दुसऱ्या प्रकारात कातडी का आवळली याचं कारण शोधावंच लागतं, आणि ते कारण कधीकधी कातडीपेक्षा मोठं निघतं.

पहिल्यापासून घट्ट असेल तर

जन्मतः ही कातडी आतल्या गोलसर टोकाला, म्हणजे शिश्नमुंडाला चिकटलेलीच असते. तो दोष नाही, रचनाच तशी असते. मूल वाढतं तसे दोन्ही थर हळूहळू सुटे होतात आणि कातडीचं तोंड सैल होत जातं. डेन्मार्कमधले डॉक्टर याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांना अनेक वर्षं तपासून १९६८ साली आकडे प्रसिद्ध केले. त्यांना ६ ते ७ वर्षांच्या मुलांत सुमारे ८ टक्के जणांना फायमोसिस आढळला, आणि १६ ते १७ वर्षांच्या मुलांत तो १ टक्क्यावर आलेला होता. म्हणजे बहुतेकांचं आपोआप सुटतं. थोड्यांचं सुटत नाही, आणि ते तसेच मोठे होतात.

आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळाला आंघोळ घालताना तेल लावून ही कातडी रोज थोडी मागे ओढायची पद्धत आहे. हेतू स्वच्छतेचा असतो, परिणाम उलटा होतो. जोर लावला की तोंडाशी बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो, आणि व्रणाची कातडी ताणली जात नाही. जे आपोआप सुटणार होतं ते अशाने कायमचं घट्ट होऊ शकतं. घरात तान्हं बाळ असेल तर आजीला आणि मालिश करणाऱ्या बाईंना हे स्पष्ट सांगा: कातडी ओढायची नाही, वरून धुतली की पुरे.

मोठ्या माणसात त्रास वेगवेगळ्या रूपांत दिसतो. काहींची कातडी एरवी मागे जाते, पण शिश्न ताठरल्यावर जात नाही. काहींना अजिबात मागे घेता येत नाही, टोकाशी फक्त लघवीपुरतं भोक दिसतं. नाडी ओढलेल्या बटव्याच्या तोंडासारखी ती सगळ्या बाजूंनी आवळलेली असते. काहींना लघवी करताना कातडीचा फुगा होतो आणि मग थेंब थेंब कपड्यावर येतात. संबंधाच्या वेळी दुखणं आणि बारीक चिरा पडून रक्त येणं, ही लग्न झालेल्यांची सर्वांत जास्त आढळणारी तक्रार.

कातडीखाली पांढरट, चिकट थर साचतो. तो म्हणजे सुटलेल्या पेशी आणि त्वचेचा नैसर्गिक स्निग्ध पदार्थ. तो पू नाही आणि तो दिसला म्हणून गुप्तरोग झाला असंही नाही. मात्र धुता येत नसल्यामुळे तो साचून राहिला की वास येतो, आग होते आणि जंतुसंसर्गाला आयती जागा मिळते.

एक गोष्ट यात नेहमी मिसळली जाते. शिश्नाच्या खालच्या बाजूला कातडीला टोकाशी जोडणारी एक नाजूक पट्टी असते. लोक तिला शीर म्हणतात. ती आखूड असेल तर कातडी मागे घेताना टोक खाली वाकतं आणि तिथे ताण येतो. पहिल्या संबंधात ती फाटून बरंच रक्त येऊ शकतं. रक्त पाहून नवराबायको दोघंही घाबरून जातात. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरलं की बहुतेक वेळा रक्त थांबतं. थांबलं नाही तर दवाखान्यात जा. ही अडचण फायमोसिसपेक्षा वेगळी आहे, तिचा उपायही छोटा आणि वेगळा आहे. त्यामुळे कातडी घट्ट आहे की शीर आखूड, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका.

आधी ठीक होतं, आता घट्ट झालं

चाळिशी-पन्नाशीत कातडी नव्याने घट्ट व्हायला लागली, टोकाशी उभ्या बारीक चिरा पडायला लागल्या, खाज सुटली, तर सर्वांत आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहात लघवीतून साखर जाते, कातडीच्या आत ओलावा असतोच, आणि या दोन्हींवर बुरशी वाढते. वारंवार बुरशी होऊन सूज येते, चिरा पडतात, त्या भरतात, पुन्हा पडतात. दर वेळी थोडा व्रण उरतो आणि तोंड आवळत जातं. आपल्याला मधुमेह आहे हे काही पुरुषांना पहिल्यांदा कळतं ते या तक्रारीमुळेच. उपाशीपोटीची साखर आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी, या दोन तपासण्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतात. एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरला जातो. साखर आटोक्यात न आणता नुसती मलमं लावत बसलात तर त्रास फिरून येणार.

मधुमेह आधीपासून आहे आणि गोळ्या चालू आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक माहिती. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या आहेत आणि भारतात डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून खूप जणांना दिली जाते. पण लघवीत साखर वाढल्यामुळे या जागी बुरशी होण्याचं प्रमाणही वाढतं. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना मात्र सांगा, कारण कातडी आधीच घट्ट असलेल्या माणसाला दुसरी गोळी देता येते का, याचा विचार ते करतील. दरम्यान लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन ती जागा कोरडी करणं एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरं कारण आहे लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार. यात कातडीच्या तोंडाशी पांढरट, चिवट, चकचकीत कडं तयार होतं. हात लावला की ते जाड आणि कडक लागतं. तो संसर्गजन्य नाही, बायकोकडून आलेला नाही आणि तिला होणारही नाही. पण तो आपोआप जात नाही, आणि कातडीवर थांबला नाही तर लघवीच्या छिद्रापर्यंत आणि मूत्रनलिकेत पसरून लघवीची धार बारीक करतो. त्यात पुढे कर्करोगाची थोडी, पण खरी शक्यता असते. म्हणून पांढरं कडं दिसलं की वेळ घालवायचा नाही.

कर्करोगाबद्दल मोजकंच लिहितो, पण लिहायलाच हवं. शिश्नाचा कर्करोग एकूण पाहता दुर्मीळ आहे. फायमोसिस, ह्युमन पॅपिलोमा विषाणू आणि धूम्रपान या त्यामागच्या मुख्य जोखमी. अडचण अशी की घट्ट कातडीखाली काय वाढतंय ते दिसत नाही. कातडीखाली गाठ लागत असेल, न भरणारी जखम असेल, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, जांघेत गाठी आल्या असतील, तर मलमाचा प्रयोग न करता त्याच आठवड्यात सर्जन किंवा युरोलॉजिस्टना दाखवा. लवकर सापडला तर हा आजार बरा होतो आणि शिश्नाचा बराचसा भाग वाचवता येतो. उशिरा आलेल्या माणसाला ती संधी राहत नाही, आणि उशीर बहुतेक वेळा केवळ लाजेमुळे झालेला असतो.

मलम: आधी हे करून पाहायचं

कातडी मऊ असेल, पांढरं कडं नसेल, तर पहिला उपाय म्हणजे स्टिरॉइडचं मलम आणि त्याबरोबर हळुवार ताण. सहसा बीटामेथासोन वापरतात. स्टिरॉइडमुळे सूज उतरते आणि कातडी पातळ, लवचिक होते. ताणामुळे तिचं तोंड रुंदावतं. नुसतं मलम लावून ताण दिला नाही तर गुण कमी येतो, आणि नुसताच ताण दिला तर चिरा पडतात.

पद्धत साधारण अशी. कोमट पाण्याने आंघोळ झाली की कातडी नरम असते. तेव्हा ती जिथपर्यंत दुखल्याशिवाय जाते तिथपर्यंत मागे घ्यायची, ताण जाणवला पाहिजे पण कळ येता कामा नये. तिथे काही सेकंद धरायची, सोडायची, पुन्हा घ्यायची. तीन-चार मिनिटं पुरेत. मग सर्वांत घट्ट असलेल्या कड्यावर मलमाचा पातळ थर लावायचा. दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. दर वेळी शेवटी कातडी पुढे आणून ठेवायची, हे विसरायचं नाही. का ते पुढे येतं. पहिल्या दहा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून बरेच जण सोडून देतात. किमान चार आठवडे नेमाने करा आणि मगच गुण आला की नाही ते ठरवा.

लहान मुलांत या उपायाचा गुण फार चांगला येतो. मोठ्यांमध्ये तो कातडीच्या अवस्थेवर अवलंबून आहे. जन्मापासूनची मऊ, घट्ट कातडी असेल तर आशा चांगली. व्रण झालेल्या जाड कड्यात कमी. लायकेन स्क्लेरोससमध्ये क्लोबेटासोल हे अधिक तीव्र मलम दिलं जातं, तेही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, काही महिने आणि ठरवून दिलेल्या प्रमाणात. लवकर सुरू केलं तर काहींचं ऑपरेशन टळतं.

इथे मला केमिस्टच्या काउंटरबद्दल बोलायलाच हवं. 'खाज येतेय, काहीतरी द्या' म्हटलं की स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र घातलेली ट्यूब सहज हातात पडते. तिने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. आत बुरशी असेल तर ती दबते आणि मग चिवट होऊन परतते. गेल्या काही वर्षांत भारतभर न हटणाऱ्या गजकर्णाची जी साथ त्वचारोगतज्ज्ञ पाहत आहेत, तिच्यामागे अशा ट्यूबचा मोठा हात आहे. वर सांगितलेलं स्टिरॉइडही बुरशी नाही हे पाहूनच लावायचं, आणि ते डॉक्टरांनी पाहायचं. बुरशी असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग ताण आणि स्टिरॉइड.

ऑनलाइन मिळणाऱ्या ताण देणाऱ्या रिंगा आणि साधनं मी कुणाला सुचवणार नाही. कातडीत अडकवून ठेवलेल्या रिंगमुळे इजा झाली तर मूळ त्रास वाढतो.

हळूहळू तोंड रुंदावण्याची कल्पना मात्र नवी नाही. सुश्रुतसंहितेत या अवस्थेला निरुद्धप्रकश म्हटलं आहे आणि त्यावर तूप लावलेली, दोन्ही बाजूंनी उघडी अशी धातूची किंवा लाकडाची नळी आत घालून दर तीन दिवसांनी ती थोडी जाड करत जायचं सांगितलं आहे. आज ती नळी घरी करून पाहू नये हे वेगळं सांगायला नको. पण जोर न लावता, थोडं थोडं, सवडीने, हे तत्त्व त्या काळच्या वैद्यांनी नेमकं ओळखलं होतं.

स्वच्छतेचं थोडक्यात. कातडी जेवढी मागे जाते तेवढी घेऊन रोज साध्या पाण्याने धुवा आणि कोरडी करा. साबण, डेटॉल, बॉडीवॉश आत लावू नका. आतली त्वचा ओठांच्या आतल्या बाजूसारखी नाजूक असते आणि साबणानेच अनेकांना लाली येते. ती लाली संसर्ग समजून ते आणखी साबण लावतात.

ऑपरेशन कधी आणि कोणतं

मलमाने गुण आला नाही, व्रण झालेला आहे, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, लघवीला अडथळा येतो किंवा लायकेन स्क्लेरोसस पुढे गेला आहे, तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे सुंताच, असं नाही. शीर आखूड असेल तर फक्त तेवढी पट्टी सोडवून टाके घालतात. कातडी निरोगी पण घट्ट असेल तर तिच्या कड्यावर उभा छेद देऊन तो आडवा शिवतात. त्यामुळे तोंड रुंद होतं आणि कातडी जागेवर राहते. ज्यांना कातडी ठेवायची आहे त्यांनी हा पर्याय आहे का असं स्वतःहून विचारावं, कारण प्रत्येक ठिकाणी तो सांगितला जातोच असं नाही. लायकेन स्क्लेरोससमध्ये मात्र तो चालत नाही. आजारी कातडी तशीच राहिली तर पुन्हा आवळते.

सुंता, म्हणजे ती कातडी पूर्णपणे काढणं, हा कायमचा उपाय. मोठ्या माणसात ती जागा बधिर करून किंवा कंबरेत इंजेक्शन देऊन करतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. इथे काहींना एक गोष्ट मनात टोचते: हे तर दुसऱ्या धर्माचं, घरच्यांना काय सांगायचं? डॉक्टरांच्या दृष्टीने ती आजारी कातडीवरची शस्त्रक्रिया आहे. ज्याला ती लागते तो कुठल्याही घरात जन्मलेला असू शकतो. आणि कुणाला सांगायचं हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. बायकोला मात्र आधी सांगा, कारण पुढचे सहा आठवडे तिच्याही आयुष्याचे आहेत.

लेझर, स्टेपलर आणि साधी पद्धत यांतलं काय निवडायचं, हा प्रश्न जाहिरातींमुळे फार मोठा झाला आहे. स्टेपलरने ऑपरेशन लवकर होतं आणि रक्त कमी जातं. बारीक पिना दोन-चार आठवड्यांत गळतात, क्वचित एखादी काढावी लागते. लेझर म्हणजे कापण्याचं एक साधन; कडा जोडायला पुढे टाके लागतातच. सहा महिन्यांनंतर तिन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसतो. अनुभवी सर्जनच्या हातची साधी पद्धत चांगली, आणि तिला खर्चही कमी येतो. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात केस पेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. तिथे गर्दी असते, थांबावं लागतं, पण तपासणारे डॉक्टर हे रोज पाहतात.

आरोग्य विम्याचं आधी वाचून घ्या. अनेक पॉलिसींत सुंता वगळलेली असते, आजारावरचा उपचार म्हणून ती गरजेची असेल तरच खर्च मिळतो. त्यामुळे निदान आणि ऑपरेशनचं कारण कागदावर स्पष्ट लिहून घ्या, आणि दाखल होण्याआधीच कंपनीची मंजुरी मागा.

बरं होण्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. पहिले तीन-चार दिवस सूज आणि निळसरपणा दिसतो, आरशात पाहून धसका बसतो, पण हे अपेक्षित असतं. रात्री झोपेत आपोआप येणाऱ्या ताठरपणामुळे टाक्यांवर ताण येऊन जाग येते. उठून चार पावलं चाललं की तो ओसरतो. झोपण्याआधी लघवी करून घेणंही उपयोगी पडतं. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळून जातात. बैठं काम आठवड्याभरात सुरू करता येतं. दुचाकी मात्र किमान दोन आठवडे बाजूला ठेवा. सिंहगड रोडवरचे खड्डे आणि ताजे टाके यांचं जमत नाही. संबंध आणि हस्तमैथुन चार ते सहा आठवडे पूर्ण बंद. मध्येच घाई केली तर टाके उसवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. ड्रेसिंग रक्ताने सतत भिजत असेल, ताप आला, पू आला किंवा लघवी अडली, तर वाट न पाहता परत जा.

संवेदना कमी होते का? कातडी काढल्यावर पहिले काही आठवडे टोक उलट जास्तच हळवं असतं, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. नंतर ते सवयीचं होतं. अभ्यासांमध्ये एकूण लैंगिक क्षमतेत सातत्याने घट आढळलेली नाही, आणि ज्यांना आधी वेदना होत्या त्यांना सुटल्यासारखं वाटतं. काही पुरुष मात्र जाणिवेत बदल झाल्याचं सांगतात, आणि कापलेली कातडी परत येत नाही. म्हणूनच मऊ, घट्ट कातडी असलेल्या तरुणाने मलमाची संधी आधी पुरती द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातींत एचआयव्हीपासून संरक्षणाचा उल्लेख असतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळलं, आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीचा प्रादुर्भाव खूप जास्त असलेल्या देशांसाठी शिफारस केली. आपल्याकडे फायमोसिस नसताना त्या कारणासाठी ऑपरेशन करून घेण्याची गरज नाही. कंडोमची जागा ते घेत नाही.

लग्न ठरलेल्यांसाठी हिशेब सोपा आहे. मलमाला दोन महिने, ते लागू पडलं नाही तर ऑपरेशन आणि त्यानंतर दीड महिना. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. मार्गशीर्षात लग्न असेल तर डॉक्टरांना श्रावणातच दाखवायला हवं. केळवणं सुरू झाल्यावर धावाधाव करून ऑपरेशन करू नका. लग्नानंतर सावकाश केलं तरी चालतं.

मागे गेली आणि परत येईना

ही खरी तातडी आहे, म्हणून वेगळं लिहितो. घट्ट कातडी कशीबशी मागे गेली आणि तिथेच अडकली, तर तिचं कडं टोकाच्या मागे आवळून बसतं. रक्त आत येतं पण परत जायला वाट मिळत नाही, टोक सुजतं, सूज वाढली की कडं आणखी आवळतं. याला पॅराफायमोसिस म्हणतात. सुरुवातीच्या काही मिनिटांत घरी एक प्रयत्न करता येतो: तळहाताने टोक आणि सुजलेली कातडी पाच-दहा मिनिटं सलग, समान दाबून धरायची म्हणजे सूज उतरते, मग अंगठ्यांनी टोक आत ढकलत बोटांनी कातडी पुढे आणायची. अर्ध्या तासात जमलं नाही, किंवा टोक निळं-काळं पडायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत जा. सकाळपर्यंत थांबू नका. तिथे बधिर करून कातडी पुढे आणतात, नाहीच आली तर तिच्यावर छोटा छेद देतात.

हा प्रसंग तरुणांइतकाच अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांवर येतो. लघवीची नळी घालताना किंवा ती जागा पुसताना कातडी मागे घेतली जाते आणि पुढे आणायची राहून जाते. आजोबा सांगू शकत नाहीत, डायपरखाली कुणी पाहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूज दिसते. घरी वडिलांची किंवा सासऱ्यांची सेवा करत असाल, ब्यूरोतून आलेले काका-मावशी करत असतील, तर प्रत्येक वेळी साफसफाई झाल्यावर आणि नळी बदलल्यावर कातडी पुढे आहे ना, ते स्वतः पाहा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

दवाखान्यात काय बोलायचं

बरेच जण दारातून परततात ते शब्द सापडत नाहीत म्हणून. 'डॉक्टर, लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे जात नाही', एवढं वाक्य पुरेसं आहे. पुढे पहिल्यापासून की आत्ता, किती महिने, चिरा पडतात का, शुगर आहे का, कोणती ट्यूब लावलीत, हे सांगा. तपासणी दोन मिनिटांची असते, तिच्यात दुखत नाही. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. पांढरं कडं किंवा खाज असेल तर त्वचारोगतज्ज्ञ, लघवीचा अडथळा किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर सर्जन किंवा युरोलॉजिस्ट. न तपासता फोनवरच पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

ऑपरेशन झालं तर काढलेली कातडी तपासायला पाठवणार का, हे आधीच विचारा, विशेषतः ती पांढरी आणि जाड असेल तर. रिपोर्ट आठवड्याभरात येतो आणि तो घ्यायला बरेच जण जातच नाहीत. तो घ्या, फाइलला लावा. त्यात लायकेन स्क्लेरोसस आला तर टाके भरल्यावरही डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत राहा, आणि मधल्या काळात लघवीची धार बारीक झाली किंवा टोकावर न भरणारी जखम दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.